दोन हजारांच्या खोलीत काय काय येतं?

कोकणात 'खोल्या काढणं' हा आता घरबांधणीतला नेहमीचा टप्पा झाला आहे. आंब्याचं पीक बेभरवशाचं, मासळीचं तसंच, पोरगा डोंबिवलीला नाहीतर पुण्यात. मग घराच्या मागच्या अंगाला चिऱ्याच्या दोन-चार खोल्या, त्यांना जोडून संडास-बाथरूम, वर पत्रा, पुढे झोपाळा आणि रस्त्यावर 'घरगुती राहण्या-जेवणाची उत्तम सोय' अशी पाटी. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेने घरमालकांना नोंदणीची वाट दाखवली आणि मोबाइल हातात आल्यावर तर मधल्या माणसाचीही गरज उरली नाही. अलिबाग-नागावपासून वेंगुर्ल्यापर्यंत, किनाऱ्यावरच्या नावाजलेल्या गावांत आज पाटी नसलेली आळी शोधावी लागते.

या घरांच्या ओटीवर बसलं की तक्रारी मात्र सगळीकडे त्याच ऐकू येतात. माणसं सांगितल्यापेक्षा जास्त येतात, दर पाडून मागतात, टॉवेलने गाडीची काच पुसतात, रात्री दोनपर्यंत स्पीकर लावतात, एसी चालू ठेवून समुद्रावर जातात आणि घरी पोचल्यावर तीनच तारे देतात. 'हल्लीचे लोकच असे' म्हणून विषय संपतो. मला तो तिथे संपलेला वाटत नाही. वाह्यात माणसं पाहुण्यांत असतात, ती कुठे नसतात? पण बहुतेक कटकटींच्या मुळाशी दर आहे. खोलीचा दर ठरवताना जे श्रम आणि ज्या वस्तू मोजल्याच नाहीत, त्या पाहुण्याने मागितल्या की यजमानाला तो उद्दामपणा वाटतो. पाहुण्याला वाटतं, पैसे तर मोजलेत.

फोनपासूनच बघा. "रूम आहे का? कितीला? काही कमी होईल का?" हे तीन प्रश्न, याच क्रमाने, तारीख सांगण्याच्या आधी. मे महिन्यातला शनिवार आणि जुलैतला मंगळवार यांचा दर एक नसतो, हे समजावेपर्यंत समोरच्याने दुसऱ्या घरी फोन लावलेला असतो. चार माणसं सांगितली जातात आणि गाडीतून सात उतरतात. "मुलं आहेत हो, त्यांचं काय धरताय?" मुलं चौदा आणि सोळा वर्षांची असतात आणि तळलेल्या बांगड्याचा तिसरा तुकडा तीच मागतात. मग गादी वाढवा, पाण्याची टाकी पुन्हा भरा, सकाळच्या घावनांचं पीठ वाढवा. यातलं एकही काम अवघड नाही. चीड येते ती रात्री साडेअकराला, दारात माणसं बॅगा घेऊन उभी असताना पैशाचं बोलावं लागतं याची. कोकणी माणूस एरवी वादाला मागे हटत नाही, पण दारात आलेल्याशी पैशाचं बोलायला त्याची जीभ रेटत नाही. तो गप्प बसतो आणि पुढचे दोन दिवस धुमसत राहतो.

ड्रायव्हरचा प्रश्न तर कुणाच्याच हिशेबात नसतो. टेम्पो ट्रॅव्हलर करून बारा जण येतात, बुकिंगही बाराचंच. तेरावा माणूस गाडीतच झोपेल, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. दमट हवेत, डासांत, आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच घाट चढून सगळ्यांना सुखरूप घरी न्यायचं असतं. बरेच यजमान त्याला पडवीत चटई, पंखा आणि ताट देतात, पैसे मागत नाहीत. चांगलंच करतात, पण ते कुणाच्या खिशातून जातं हे बारा जणांना कळतही नाही.

ॲडव्हान्सने यातलं बरंच सुटायला हवं होतं. यूपीआयमुळे पैसे पाठवणं सोपं झालं, तशी लबाडीही सोपी झाली. "मी सैन्यात अधिकारी आहे, आमची पंधरा माणसं येणार, पूर्ण रक्कम आत्ताच देतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका," असा फोन देशभरातल्या हॉटेलवाल्यांना आणि घरगुती यजमानांना येत आला आहे. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही लागत नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. उलट बाजूने, खऱ्या घराचे फोटो उचलून खोटं पान तयार करणारेही आहेत. त्यात पैसे गेलेलं कुटुंब सामानासकट दारात उभं राहतं आणि शिव्या खातो तो घरमालक. रद्द केलेल्या बुकिंगचा वाद त्याहून नेहमीचा. शुक्रवारी दुपारी फोन येतो, मुलाला ताप आहे. खराही असेल, पण शनिवारची खोली शुक्रवारी दुपारी पुन्हा विकली जात नाही. रेल्वेने तिकिटाचे पैसे कापले तर आपण निमूट सोडून देतो; इथे पाचशे रुपये ठेवून घेतले की 'माणुसकीच राहिली नाही' म्हणतो. अर्थात रेल्वेचे नियम छापलेले असतात. यजमानाचे त्याच्या डोक्यात असतात.

स्वयंपाकघरात हे सगळं जास्त स्पष्ट दिसतं. दापोली तालुक्यातल्या एका घरी मी शनिवारचा स्वयंपाक जवळून पाहिला. चार खोल्यांत अकरा माणसं. तिघं शाकाहारी, त्यातल्या एका आजींना कांदा-लसूण चालत नाही आणि मासे तळलेला तवा तर नाहीच नाही. एकाचा शनिवारचा उपास. दोघांना मासे हवेत पण काटे नकोत. एका पोराला फक्त मॅगी. घरच्या वहिनी पहाटे पाचला उठल्या होत्या. माणसं आपापल्या वेळेला उठत गेली, तसा सकाळी साडेसहा ते दहा चहा सहा वेळा टाकला गेला. बारा वाजता एक खोली समुद्रावरून परतली आणि म्हणाली, "वहिनी, जेवणात उकडीचे मोदक होतील ना?" मोदक म्हणजे नारळ खवणं, गूळ चिरणं, सारण शिजवणं, पिठी चाळून उकड काढणं, ती गरम असतानाच मळणं आणि मग एकेक पारी करून कळ्या पाडणं. एक वाजताच्या पंगतीसाठी बाराला सांगायची ही गोष्ट नव्हे. वहिनी "रात्री करते" म्हणाल्या, हसून. त्या स्वतः जेवल्या सव्वाचारला, उभ्यानेच, आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून भज्यांची फर्माईश आली.

ताटाचे पैसे मिळतात. सहा वेळच्या चहाचे, वेगळ्या तव्याचे, बिनकांद्याच्या वेगळ्या आमटीचे मिळत नाहीत, कारण ते 'घरचंच' आहे. या धंद्याला घरगुती म्हणतात तेव्हा त्यातला घरगुतीपणा बहुतेक एका बाईच्या कमरेवर उभा असतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आणलं. त्यात महिला उद्योजकांच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी व्यवसाय बाईच्या नावावर हवा. घराचा उतारा सासऱ्यांच्या नावावर, बँकेचं खातं नवऱ्याच्या, पाटीवर मुलाचं नाव आणि चूल वहिनींच्या ताब्यात, ही जिथे रीत आहे तिथे धोरण दारापर्यंत येऊन परत जातं.

मासळीचा आणखी एक घोळ. ताटाचा दर दिवाळीत ठरतो आणि सुरमईचा भाव रोज हर्णै बंदरावरच्या लिलावात. मधला फरक यजमान सोसतो, नाहीतर तुकडा लहान करतो आणि पाहुणा तो फोटोत पकडतो. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. नेमक्या याच दिवसांत 'पावसाळी कोकण' बघायला आलेल्यांना ताजं पापलेट हवं असतं. बर्फातलं आहे असं खरं सांगितलं तर नाराजी आणि ताजं म्हणून वाढलं तर लबाडी. माझ्या मते या दोन महिन्यांत ताटातून मोठी मासळी काढूनच टाकावी. सुकट, जवळा, खाडीतलं जे मिळेल ते, आणि रानभाज्या. ज्याला हे नको त्याने ऑक्टोबरनंतर यावं.

पाण्याचं गणित मात्र उन्हाळ्याचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्टीत एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, किनाऱ्याजवळच्या मचूळ होतात, आणि सीझन नेमका तोच. समुद्रातून आलेला माणूस अंगावरची वाळू घेऊन थेट बाथरूममध्ये जातो. एका कुटुंबाने दोन वेळा असं केलं की गाळणीत वाळूचा थर बसतो, तिसऱ्या दिवशी पाणी तुंबतं, आणि ते साफ करायला प्लंबर मिळत नाही. घरमालक स्वतः हात घालतो. बाहेर पाय धुवायला नळ बसवला तरी त्याच्याकडे बघत बघत लोक आत जातात. वीज गेली की पंप बंद. वीज आली ती कमी दाबाने आली की पंप जळतो. पावसाळ्यात वेगळाच ताप. चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, गाद्यांना कुबट वास येतो, चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत, दारं फुगून बसतात. चार महिने उत्पन्न जवळजवळ नाही आणि दसऱ्याआधी सगळ्याला पुन्हा रंग. पांढऱ्या चादरी-टॉवेलांचा सोस कुणी लावला देव जाणे. हळद, मेंदी, केसांचा रंग आणि लाल माती यांच्या मुलखात पांढरा टॉवेल ठेवणं म्हणजे आपण होऊन भांडण विकत घेणं आहे.

समुद्राचं तर विचारूच नका. भरतीची वेळ सांगितली, कुठे ओढ आहे ते बोट दाखवून सांगितलं, तरी दोन पेग घेतलेला गट तिथेच उतरतो. वाळूवर गाडी नेऊ नका म्हटलं की हटकून नेतात, चाकं रुततात, पाणी चढायला लागतं आणि रात्री फोन येतो तो यजमानालाच, "दादा, ट्रॅक्टर मिळेल का?" दुर्घटना घडली तर पोलिसांत जबाब द्यायलाही तोच. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला दरवर्षी माणसं येतात. तिथे २००२ पासून संवर्धनाचं काम चालू आहे आणि गावातली घरं माणशी दराने राहण्या-जेवण्याची सोय करतात. अंडी कधी फुटणार हे वाळूच्या उबेवर ठरतं. तरीही एखाद्या सकाळी पिल्लं निघाली नाहीत तर पैसे कमी करा म्हणणारे भेटतात. कासवांनी काही ॲडव्हान्स घेतलेला नसतो.

घरी गेल्यावर येतात तारे. 'जागा छान, जेवण अप्रतिम, पण मोबाइलला रेंज नाही.' तीन तारे. कोंबडा पहाटे आरवतो, रस्ता अरुंद आहे, समुद्र खोलीतून दिसत नाही (दिसेल असं कुणी म्हटलेलंच नव्हतं), अशा कारणांनी सरासरी खाली येते आणि सरासरीवर पुढचं गिऱ्हाईक येतं. निघताना "दोनशे कमी करा, नाहीतर रिव्ह्यू लिहू" असं सरळ म्हणणारेही असतात. तरी मी ताऱ्यांची बाजू थोडी घेईन. गळका नळ आणि मळकी उशी यजमानाला रोज दिसून दिसेनाशी होते, ती पाहुण्याला पहिल्या मिनिटाला दिसते. यजमानांनी ठेच लागल्यासारखं तोंड करून रिव्ह्यू वाचण्यापेक्षा, तीन वेगवेगळ्या लोकांनी एकच गोष्ट लिहिली असेल तर तेवढी दुरुस्त करावी. उशीचे अभ्रे फार महाग नसतात.

'फक्त फॅमिली' या पाटीबद्दलही बोलायला हवं. मुलांच्या गटांनी घातलेल्या गोंधळातून ती आली, हे खरं. पण दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एका खोलीत राहू नये असा कायदा देशात नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. गोंधळ नको असेल तर गोंधळ घालू नका असं लिहावं. रात्री दहानंतर स्पीकर बंद, ही अट कुटुंबांनाही लागू करावी, कारण अंताक्षरीचा आवाज कमी नसतो.

बाहेरच्यांपेक्षा घरच्यांचा प्रश्न बिकट असतो आणि त्यावर कुणी उघड बोलत नाही. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. खोल्या एकाने बांधल्या, जमीन सगळ्यांची. कर्जाला सह्या हव्यात, नोंदणीला संमती हवी, आणि धंदा चालायला लागला की भावकीला हिस्सा आठवतो. शिवाय मे महिन्यात चाकरमानी येतात ते "आपलंच घर" म्हणून, नेमके ज्या आठवड्यात खोलीला सर्वांत जास्त दर मिळतो त्याच आठवड्यात. काकांच्या नातवाला नाही म्हणता येत नाही. गणपतीत तर पाहुण्यांचा प्रश्नच नाही. घर घरच्यांनीच भरलेलं असतं.

कागदपत्रांचा भाग लवकर उरकतो. पर्यटन खात्याची नोंद, ग्रामपंचायतीचा दाखला, जेवण देत असाल तर अन्न परवाना, वीज घरगुती दराने की व्यावसायिक हा महावितरणशी चालणारा वाद. परदेशी पासपोर्टचा पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. हे ठाऊक नसलेले यजमान बरेच आहेत आणि ही चूक महागात पडू शकते. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, पण ॲपवरून आलेल्या बुकिंगवर ॲपवाले स्वतः कर लावून भरतात. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे. त्यांचं कमिशन वेगळं, साधारण पंधरा टक्क्यांच्या घरात. म्हणून पाहुणा ॲपवर घर शोधतो, पाटीवरचा नंबर लावतो आणि म्हणतो, "थेट आलो तर कितीला द्याल?"

आता हिशेब मांडून बघू. चार खोल्या, दर दोन हजार. वर्षात भरण्याजोग्या रात्री नव्वद धरा. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, मे. सगळ्या भरल्या तर ७ लाख २० हजार. प्रत्यक्षात दोन तृतीयांश भरतात असं समजू: ४ लाख ८० हजार. त्यातल्या निम्म्यावर कमिशन ३६ हजार. वीज, मदतीची बाई, धुलाई, रंग, पंप, गाद्या मिळून १ लाख ६५ हजार. दहा लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी दहा टक्क्यांनी घेतलं असेल तर वर्षाचे हप्ते १ लाख ५८ हजारांच्या वर. उरतात सुमारे १ लाख २० हजार, म्हणजे महिना दहा हजार. जेवणाचे चार पैसे वेगळे सुटतात. पण या दहा हजारांत पहाटे पाचपासून राबणाऱ्या वहिनींचा पगार नाही, रात्री गाडीची वाट बघत जागणाऱ्याचा नाही, आणि वादळाची तरतूद नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा ज्या वाड्यांच्या सावलीसाठी लोक येत होते त्या नारळी-पोफळीच्या वाड्याच आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर धरायला पाच-सात वर्षं लागतात.

कोकणाबाहेर काय चाललंय तेही बघू. गोव्यात १९८२च्या कायद्याने पर्यटकांना खोल्या देणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे, पण तिथल्या बंगल्यांचा आणि फ्लॅटचा प्रश्न वेगळा झाला आहे: मालक परराज्यात, किल्ली केअरटेकरकडे, आणि त्रास शेजाऱ्यांना. बार्सिलोनाने पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचं ठरवलं आहे. न्यूयॉर्कमध्ये तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमानाला त्याच घरात राहावं लागतं आणि सप्टेंबर २०२३ पासून त्याची कडक अंमलबजावणी होते. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेतही कुटुंब तिथेच राहत असलं पाहिजे आणि खोल्या सहापेक्षा जास्त नकोत, अशीच अट आहे. कोकणातल्या जुन्या घरांनी ती अट कुणी न सांगता पाळली. आता तिथेही किल्लीवर चालणारे बंगले वाढत आहेत. यजमान नसलेल्या बंगल्यात यजमानाची चिडचिड नसते, हे खरं, वहिनीही नसतात.

यजमानांनी दर माणशी लावावा आणि त्यात काय येतं ते लिहून आधीच पाठवावं: चहा किती वाजेपर्यंत, वेगळ्या स्वयंपाकाचे किती, मोदक आदल्या दिवशी सांगायचे, ड्रायव्हरची झोपण्याची सोय आणि ताट किती, रद्द केल्यास किती कापणार. दोन हजारांत हे बसत नसेल तर अडीच हजार म्हणावं. 'पाहुण्याला काय सांगायचं' हा संकोच वहिनींना महाग पडतो आहे.

आणि तुम्ही येत्या सुट्टीसाठी फोन लावणार असाल तर आधी तारीख सांगा, मग खरी माणसं, मुलांच्या वयासकट. कोण काय खात नाही ते आदल्या दिवशी कळवा. पोचायला उशीर होणार असेल तर घाटात रेंज जाण्याआधी फोन करा. समुद्रावरून आलात की पाय बाहेरच्या नळावर धुवा. आणि दर परवडत नसेल तर घासाघीस न करता दुसरं घर बघा. त्याच आळीत ते मिळेल.